तोडी रागिणी : एक चित्र कसं वाचावं



आपल्या अंकाच्या मराठी विभागात कविता असतात, कथा असतात, 'होस्टेलचे दिवस' असतात. चित्रावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. कारण साधं आहे. चित्र 'बघायचं' असतं, त्यात वाचायचं काय, असं आपल्याला वाटतं. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी आपण ड्रॉइंग वाचायला शिकतो. तुटक रेघ म्हणजे लपलेली कड, साखळीरेघ म्हणजे मध्यरेषा, हे एकदा कळलं की कोरा वाटणारा कागद बोलायला लागतो. जुन्या भारतीय चित्रांचंही तसंच आहे. त्यांच्या खुणा वेगळ्या, एवढंच.

या लेखात एकच चित्र घेतो. विषय असा : रानात एकटी उभी असलेली बाई, हातात वीणा आणि भोवती हरणं. या चित्राचं नाव 'तोडी रागिणी'. हे एका चित्रकाराचं एकच चित्र नाही. एकच विषय निदान तीनशे वर्षं वेगवेगळ्या दरबारांत पुन्हा पुन्हा काढला गेला. त्यामुळे तपशील थोडे बदलतात, पण बाई, वीणा, हरणं आणि रान या चार गोष्टी बहुतेक ठिकाणी सापडतातच.

रागमाला म्हणजे काय ?

आपल्याकडे रागाला नुसतं सुरांचं गणित मानलं नाही, त्याला व्यक्ती मानलं. राग पुरुष, रागिणी त्याची स्त्री. सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या, म्हणजे एकूण छत्तीस, ही एक प्रचलित मांडणी. कुठली रागिणी कुठल्या रागाची यावर पंडितांचं एकमत नव्हतं. प्रत्येक रागाचं रूप सांगणारे संस्कृत ध्यानश्लोक रचले गेले आणि त्या श्लोकांवरून चित्रं निघाली. अशा चित्रांचा संच म्हणजे 'रागमाला'. साधारण पंधराव्या शतकापासून अशी चित्रं मिळतात. मेवाडात चावंड इथे १६०५ मध्ये नसीरुद्दीन नावाच्या चित्रकाराने केलेला संच प्रसिद्ध आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं राजस्थानातलं, आपला काय संबंध ? संबंध आहे आणि जवळचा आहे. संगीतशास्त्राचा मोठा ग्रंथ 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिला तो देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना. देवगिरी म्हणजे दौलताबाद, आपल्याच मराठवाड्यातलं. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये मोठ्या आकाराची, वर संस्कृत श्लोक लिहिलेली रागमाला-चित्रं झाली. त्यांचा संबंध अभ्यासक अहमदनगरच्या निजामशाहीशी किंवा उत्तर दख्खनशी जोडतात. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) स्वतः संगीताचा वेडा होता. त्याने 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ लिहिला आणि आपल्या तंबोऱ्याला 'मोतीखाँ' असं नाव दिलं होतं. अठराव्या शतकात हैदराबादेत रागमाला-चित्रांना चांगली मागणी होती. आपला हिंगोली परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे ज्या मुलखात ही चित्रं काढली गेली, त्याच मुलखातले आपण.

आता चित्र समोर ठेवू

मधोमध किंवा थोडी एका बाजूला बाई उभी आहे. चेहरा एका बाजूने दिसतो, डोळा मोठा. अंगावर दागिने, झिरझिरीत ओढणी किंवा साडी. हातात वीणा आहे, पण सरस्वतीच्या कॅलेंडरवर असते तशी नाही. एक लांब दांडी आणि तिला दोन भोपळे, अशी ही जुन्या पद्धतीची रुद्रवीणा. एक भोपळा खांद्यावर, दुसरा कमरेजवळ. त्यामुळे वीणेची दांडी चित्रात तिरपी येते. ही तिरपी रेघ नीट लक्षात ठेवा. बाई उभी, झाडं उभी, जमीन आडवी. या सगळ्यात वीणा तेवढी तिरकी. आपली नजर आधी तिच्यावरच जाते.

बाईच्या पायाशी, समोर, कधी दोन्ही बाजूंना हरणं आहेत. बऱ्याच चित्रांत काळवीट असतो. काळसर पाठ, पांढरं पोट, पिळाची शिंगं. मादी फिकट, बिनशिंगाची. चित्रकाराने ही जनावरं प्रत्यक्ष पाहिलेली आहेत हे कळतं. मागे झाडं, वर टेकडीची कड आणि अगदी थोडं आकाश. खाली बहुधा पाणी, त्यात कमळं.

घर नाही, दार नाही, सखी नाही, राजा नाही. बाई एकटी आहे.

ड्रॉइंगच्या तासाच्या चष्म्यातून

आपल्याला शिकवलं जातं की क्षितिजरेषा ही पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. या चित्रात क्षितिज जवळजवळ कागदाच्या वरच्या कडेला आहे. म्हणजे पाहणारा उंचावर बसलाय. पण मग बाईचा माथा आणि खांदे वरून दिसायला हवेत. ते दिसत नाहीत. ती समोरून, तिच्याच उंचीवरून दिसते. तळं मात्र वरून पाहिल्यासारखं, आणि त्या तळ्यातली कमळं पुन्हा बाजूने. एकाच कागदावर तळ्याचा प्लॅन आणि कमळाचं एलेव्हेशन !

हे 'चुकलेलं' पर्स्पेक्टिव्ह नाही. आपण मशीनचा भाग काढताना तरी काय करतो ? जी बाजू ज्या दृश्यातून जास्त कळते, ती त्या दृश्यातून काढतो. तळ्याचा आकार वरून कळतो, म्हणून वरून. कमळ बाजूने ओळखू येतं, म्हणून बाजूने. कॅमेरा एका जागी उभा राहतो. हा चित्रकार चित्रात हिंडतो. सावलीही नाही. सावली दाखवली की ठरावीक घटका दाखवावी लागते, आणि चित्रकाराला एक क्षण पकडायचा नव्हता, रागाचा सगळा भाव पकडायचा होता.

प्रमाणाचीही गंमत पाहा. साइटवर फोटो काढताना आपण शेजारी माणूस उभा करतो, धरणाची भिंत किती उंच ते कळावं म्हणून. तिथे माणूस म्हणजे मोजपट्टी. इथे उलट आहे. झाड बाईच्या उंचीला आलंय, टेकडी तिच्या डोक्याइतकी झालीय. तिच्यावरून रान मोजायचं नाही. रान तिच्या मापाने बेतलेलं आहे.

आवाज कसा काढला ?

चित्रकारापुढचा खरा अवघड प्रश्न हा होता की, सूर कागदावर कसा दाखवायचा ? आजचा व्यंगचित्रकार तोंडापाशी लाटांच्या रेघा काढतो. त्या काळी तसली युक्ती नव्हती. त्याने काय केलं, तर सूर काढलाच नाही, सुराचा परिणाम काढला. हरणांचे कान पाहा. ते वीणेकडे वळलेले आहेत. मान उंच आहे, तोंडात गवत नाही. हरीण माणसाला पाहून पळतं, ही साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट. इथे ते उभं आहे. तारेतून वाहणारा करंट डोळ्यांना दिसत नाही, पण मीटरचा काटा हललेला दिसतो. तोडीच्या चित्रात हरीण हा काटा आहे.

आणि मोजलंय काय, तर तोडीचा भाव. आज आपण जी 'मियाँ की तोडी' ऐकतो, तिच्यात रिषभ, गांधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. सकाळचा दुसरा प्रहर ही तिची वेळ. कोमल गांधार आणि तीव्र मध्यम यांच्यात एक ताण राहतो, त्याने मन हुरहुरतं. अर्थात चित्रं काढली गेली तेव्हाची तोडी आणि ही तोडी स्वरांनी अगदी एकच होती असं समजू नये. कर्नाटक संगीतात तोडी नावाने जे चालतं, त्याचे स्वर आपल्या भैरवी थाटासारखे आहेत. नाव टिकतं, सूर सरकतात.

कागद आणि रंग

थोडं साहित्याबद्दल, कारण आपला प्रांत तो. पातळ कागद एकावर एक चिकटवून जाड पुठ्ठ्यासारखा 'वसली' कागद तयार करत. त्यावर आधी रेखाटन, मग पांढऱ्याचा पातळ थर, पुन्हा पक्की रेघ, आणि मग रंगाचे थर. लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, निळा निळीचा, काळा काजळीचा. रंग धरून ठेवायला झाडाचा डिंक. चित्र पालथं घालून मागून अकीक दगडाने घोटत, म्हणजे रंग दबून गुळगुळीत होई. केस, पापणी, हरणाची लव यांसाठी खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. हरताळात आर्सेनिक असतं आणि हिंगुळात पारा. म्हणजे सेफ्टीच्या दृष्टीने हा धंदा बेताचाच ! पण त्यामुळेच चारशे वर्षांनीही ते लाल-पिवळे रंग डोळ्यांत भरतात.

हरीण कशाला आलं ? तीन उत्तरं

इथपर्यंत आपण चित्र कसं बनलं ते पाहिलं. आता अर्थाकडे.

पहिलं उत्तर दरबारी रसिकाचं : ही विरहिणी आहे. प्रियकर जवळ नाही, करमत नाही, म्हणून ती रानात येऊन वीणा वाजवते. ऐकायला माणूस नाही, म्हणून हरणं. ध्यानश्लोकात तिचं वर्णन हिमासारखी, कुंदफुलासारखी उजळ, अंगाला केशर-कापूर लावलेली असं येतं. रागमालेत अशा एकट्या बायका आणखी आहेत. ककुभ रागिणीभोवती मोर असतात, आसावरीभोवती साप. प्रत्येकीचं दुःख वेगळं आणि त्या दुःखाजवळ येणारा जीवही वेगळा. मोराला पावसाची ओढ, सापाला चंदनाची, हरणाला नादाची.

दुसरं उत्तर संतांचं आहे, आणि ते कडक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू सांगितलेत, त्यांत एक हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून हरीण उभं राहतं आणि मारलं जातं. तेव्हा कानाच्या मोहात पडू नये, हा त्याच्याकडून घ्यायचा धडा. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. म्हणजे दख्खनच्या दरबारांत तोडीचं हरीण रंगवलं जात होतं, जवळपास त्याच काळात नाथांच्या ओवीतलं हरीण नादाला बळी जात होतं. हरीण तेच. एके ठिकाणी ते रसिक, एके ठिकाणी शिकार. चित्र पाहताना ही दुसरी गोष्ट ठाऊक असेल, तर त्या शांत रानात थोडी भीती उतरते. वीणा वाजायची थांबल्यावर काय होणार, असा प्रश्न पडतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जवळचं वाटतं. काही अभ्यासकांनी असा तर्क मांडलाय की तोडी मुळात पीक राखणाऱ्या बायकांच्या गाण्यातून आली असावी. पिकात हरणं शिरतात. राखण करणारी पोर गाते. हरणं खायचं सोडून ऐकत उभी राहतात. पुढे हे गाणं दरबारात गेलं आणि राखणदारणीच्या हातात वीणा आली. हा तर्क आहे, सिद्ध झालेला इतिहास नव्हे. पण हिंगोली जिल्ह्यातल्या पोराला तो ऐकून दचकायला होतं, कारण आपल्या घरची माणसं आजही हेच काम करतात.

आपल्याकडची राखण

मी सेनगाव तालुक्यातला. आमच्याकडे राखणीला 'जागल' म्हणतात. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर दिवस उगवताच पाखरं उतरतात, तेव्हा माळ्यावर उभं राहून गोफण चालवायची. हे काम बहुतेक बायका-पोरांचं. माझी आजी तरुणपणी कित्येक हंगाम माळ्यावर उभी राहिली आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांत रात्री रोही, हरणं आणि रानडुकरं शिरतात. एका रात्रीत अख्खी तास भुईसपाट होते. मग कंदील नाहीतर बॅटरी घेऊन घरातलं एक माणूस रानात जातं. एकटंच. घरात जेवढी माणसं, तेवढीच आळीपाळी.

त्या माणसाचं चित्र मनात आणा. चारी बाजूंना काळोख, पायाखाली साप-किरडू, हातात पत्र्याचा डबा. तो डबा वाजवायचा, म्हणजे जनावर पळेल. बांधावर जुन्या साड्यांचं कुंपण. लाल, हिरव्या, जरीच्या साड्या काठ्यांना बांधलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. जनावर त्याला बुजतं म्हणतात. आणि मधे बुजगावणं : फाटका सदरा, डोक्याला मडकं. तेही रानातलं एक एकटं माणूसच की !

आता तोडीशेजारी हे चित्र ठेवा. दोन्हीकडे रान, दोन्हीकडे एकटी आकृती, दोन्हीकडे साडी, आवाज आणि हरीण. फरक एवढाच की तोडीचा आवाज हरणाला बोलावतो आणि आपला आवाज त्याला हाकलतो. तोडीच्या चित्रात जे दिसत नाही, तेही पाहायला शिकलं पाहिजे. बहुतेक चित्रांत पीकच नाही. फुलझाडं आहेत, कमळं आहेत, पण ज्वारीचं एक कणीस नाही. तर्क खरा असेल, तर दरबारात जाताना राखणदारणीला मोती मिळाले, केशर मिळालं, आणि तिचं शेत मात्र वाटेत राहिलं. भूक गेली, विरह राहिला. ज्याच्या पदरी चित्रकार होता, त्याला पिकाची काळजी पाहायची नव्हती.

म्हणून हे चित्र खोटं ठरतं का ? मला तसं वाटत नाही. आजीला मी विचारलं होतं, माळ्यावर एकटीला भीती नाही वाटायची का. ती म्हणाली, "भ्याव वाटायचं, म्हून तर गाणं म्हणायचं. पाखरं उडायसाठी हाळी, अन् आपल्यासाठी गाणं." म्हणजे राखणीत दोन आवाज असतात. एक बाहेर हाकलणारा, एक स्वतःला धीर देणारा. बुजगावण्याला पहिलंच काम जमतं. दुसरं माणसालाच करावं लागतं. चित्रकाराने तो दुसरा आवाज निवडला आणि असा विचार केला की, तो आवाज जर हरणाने ऐकला तर ? कायद्याने काळवीट संरक्षित आहे, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, हा गुंता चित्राने सुटत नाही. पण त्या दोघांना एका कागदावर, एकमेकांना न मारता उभं केलेलं पाहायला मिळतं, हेही कमी नाही.

दुसरीकडे एकटा माणूस कसा काढतात ?

तुलनेसाठी युरोपातलं एक उदाहरण. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश याने साधारण १८१८ मध्ये 'धुक्याच्या सागरावरचा प्रवासी' हे चित्र काढलं. ते हाम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. गडद हिरवा कोट घातलेला माणूस कड्यावर उभा, आपल्याकडे पाठ, समोर धुकं आणि डोंगर. त्याच्याच 'समुद्राकाठचा संन्यासी' या चित्रात माणूस बोटाएवढा आणि वर प्रचंड आकाश. दोन्हींत निसर्ग अफाट आहे, आणि माणसाशी बोलत नाही. माणूस विचार करतोय, पण त्याच्याजवळ कुणी येत नाही.

तोडीत बाई एकटी आहे, पण तिच्या एकटेपणाला ऐकणारं कुणी आहे. मला हा फरक मोठा वाटतो. होस्टेलच्या खोलीत चौघं असूनही एकटं वाटण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. बॅकलॉग, घरची परिस्थिती, यंदा पाऊस नाही म्हणून आलेला फोन. हे कुणाला सांगवत नाही. तेव्हा दार लावून बसणं हा एक मार्ग. दुसरा तोडीचा : जे येतं ते वाजवायचं. बासरी असो, भजन असो, वहीच्या मागच्या पानावरचं चित्र असो. मेसमध्ये ताट वाजवणाराही चालेल. कोण कान टवकारून येईल, हे आधी सांगता येत नाही.

स्वाध्याय

वाचून सोडून देऊ नये म्हणून चार गोष्टी सुचवतो.

१) हैदराबादला गेलात तर सालारजंग संग्रहालयात आणि मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात जरूर थांबा. एका चित्रापुढे निदान पाच मिनिटं. आधी क्षितिज कुठे आहे ते शोधा, मग तिरपी रेघ, मग जनावरांचे कान.

२) मियाँ की तोडी ऐका. पंडित भीमसेन जोशींची मिळेल. सकाळी ऐका, सबमिशनच्या रात्री नको.

३) सुट्टीत गावी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की माळ्यावर काय म्हणायचात. गाणं मिळालं तर वहीत उतरवून घ्या, सांगणाऱ्याचं वय आणि गाव टाकून. माळे कमी झाले, आणि ती गाणी म्हणणारी माणसंही आता थोडीच उरलीत.

४) कयाधूच्या काठी किंवा औंढ्याच्या डोंगराकडे एखादी सकाळ जाऊन एक रेखाटन करा : एक माणूस आणि रान. माणूस किती मोठा काढायचा आणि पीक दाखवायचं की नाही, हे आधी ठरवा. मग पेन्सिल उचला.

आपल्यापैकी कुणी असं रेखाटन केलंच, तर पुढच्या अंकासाठी मराठी विभागाकडे आणून द्यावं. कागदाच्या मागे कुठलं शिवार आहे ते लिहायला विसरू नका.